शाळेचं नाव नको, वेळापत्रक दाखवा

मराठी घरात ‘हुशार’ या शब्दाचा अर्थ फार पूर्वीच ठरून गेला आहे. चौथ्या वर्षी अक्षरओळख, पाचव्या वर्षी दुकानांच्या पाट्या, सहाव्या वर्षी आजोबांना पेपरातले मथळे वाचून दाखवणं. अमेरिकेत आल्यावर या यादीत स्पेलिंग बीची भर पडली, एवढंच. त्यामुळे ‘मुलगी अतिशय हुशार आहे, पण तिला नीट वाचता येत नाही’ असं आपल्या माणसांना सांगितलं की समोरचा गोंधळतो. या दोनपैकी एक काहीतरी खोटं असणार, असं त्याला वाटतं. बहुतेक वेळा मग हुशारीच खोटी ठरते.

पण दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. इथे अशा मुलांना ‘ट्वाइस एक्सेप्शनल’ म्हणतात, थोडक्यात ‘टू ई’. शब्द नवा असला तरी गोष्ट जुनी आहे. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्लिश डॉक्टरने ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एका चौदा वर्षांच्या मुलाची हकिकत लिहिली होती. मुलगा चलाख, गणितात चांगला, पण वाचन जवळजवळ नाही. सगळं शिक्षण तोंडी असतं तर हाच शाळेत सर्वांत हुशार ठरला असता, असं त्याच्या शिक्षकांचं मत मॉर्गनने नोंदवलं आहे. म्हणजे डिस्लेक्सियाच्या अगदी सुरुवातीच्या नोंदींतलं मूलसुद्धा हुशारच होतं.

आमची लेक तिसरीत आहे, न्यू जर्सीतल्या सरकारी शाळेत. उन्हाळ्यात सांगलीला गेलो की ती काका-आत्यांबरोबर मेंढीकोट खेळते. कुठली दश्शी अजून बाहेर यायची आहे आणि ती कोणाच्या हातात असणार, हे तिला पक्कं ठाऊक असतं. अपूर्णांक तिला कोणी शिकवावे लागले नाहीत, पोळीच्या तुकड्यांवरून तिचे तिनेच लावले. हीच मुलगी इंग्रजीत ‘हाउस’ लिहिलेलं असेल तिथे ‘होम’ वाचते. अर्थ बरोबर, शब्द चुकीचा. पहिलं अक्षर आणि शेजारचं चित्र बघून ती अंदाज बांधते, आणि डोकं चालत असल्यामुळे अंदाज इतके बरोबर येतात की ती वाचत नाहीये हे पटकन कळत नाही. तिसरीत पुस्तकातली चित्रं कमी होतात, मजकूर वाढतो. अंदाजावर चालणारी गाडी तिथे अडते.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. डिस्लेक्सिया म्हणजे अक्षरं उलटी दिसणं नव्हे. दोष डोळ्यांत नसतो. ऐकलेल्या शब्दातले सुटे आवाज ओळखणं आणि ते आवाज अक्षरांना जोडणं, हे काम या मुलांना जड जातं. इंग्रजी तर त्यात मुलखाची लहरी भाषा. ‘ओ-यू-जी-एच’ ही तीच चार अक्षरं ‘थ्रू’, ‘दो’ आणि ‘टफ’ या तीन शब्दांत तीन वेगवेगळे आवाज काढतात. आपली बाराखडी त्या मानाने सरळ मनाची. म्हणून ‘मराठी बरं वाचते की, मग इंग्रजीचाच कंटाळा करत असेल’ असं आजी-आजोबांना वाटतं. पण मराठीतही हा त्रास असतो. तो वेगळ्या रूपात दिसतो: वाचन संथ, वेलांट्या-मात्रा इकडच्या तिकडे, जोडाक्षरापाशी अडखळणं.

याच्या उलट सल्ला इथल्या शाळांकडून मिळतो. ‘घरी दुसरी भाषा बोलता ना, म्हणून इंग्रजी मागे पडतंय. थोडं थांबा.’ अनेक मराठी पालकांना हे ऐकावं लागतं. दोन भाषांमुळे डिस्लेक्सिया होत नाही. घरातली मराठी बंद करून मुलाचं वाचन सुधारत नाही, फक्त आजीशी बोलणं तुटतं. तेव्हा हा सल्ला नम्रपणे ऐकून घ्यावा आणि मराठी चालू ठेवावी.

आता चाचण्यांच्या आकड्यांबद्दल, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर होतात. लेकीचा रिपोर्ट आला तेव्हा तोंडी विचारशक्तीत ती ९८ व्या पर्सेंटाइलला होती आणि शब्द वाचण्याच्या वेगात १६ व्या. आपल्याकडच्या नातेवाइकांना हे ‘शंभरपैकी १६ मार्क’ वाटतात. तसं नाही. तिच्या वयाची शंभर मुलं एका रांगेत उभी केली, तर साधारण सोळा जणं तिच्या मागे असतील, असा त्याचा अर्थ. खरी मेख तर पुढे आहे. असे वरचे आणि खालचे आकडे एकत्र केले की एकूण चित्र मध्यम दिसतं, आणि शाळा म्हणते, ‘मुलगी इयत्तेच्या पातळीवर आहे, काळजीचं कारण नाही.’ घरात आजोबा बहात्तर वर्षांचे आणि नात आठ वर्षांची असेल, तर सरासरी वय चाळीस येतं. म्हणून त्या घरात कोणी चाळिशीचं आहे असं नव्हे! हुशारी अडचण झाकते, अडचण हुशारी झाकते, आणि मूल मध्ये कुठेतरी ‘ठीक आहे’ या शेऱ्यावर पडून राहतं.

मूल मात्र ‘ठीक’ नसतं. हुशार मुलाला आपल्याला काय येत नाही हे सगळ्यांत आधी कळतं. शेजारच्या बाकावरची मुलगी जाडजूड पुस्तक वाचते आणि आपण अजून पातळ पुस्तकात अडकलोय, हे त्याला दररोज दिसतं. मग पोट दुखायला लागतं, पेन्सिल सारखी हरवायला लागते, वर्गात विदूषकी सुरू होते. निर्णय घेण्याची घाई करायची ती या कारणासाठी.

आमच्यापुढे तीन रस्ते होते. अशा बहुतेक घरांपुढे हेच तीन असतात.

पहिला, आहे त्या सरकारी शाळेत राहून आयईपी, म्हणजे त्या मुलापुरता लिहून काढलेला शिक्षणाचा आराखडा घेणं आणि शाळेच्या गिफ्टेड वर्गातही जाणं. दुसरा, डिस्लेक्सिया असलेल्या मुलांसाठीची खासगी शाळा. लहान वर्ग, प्रशिक्षित शिक्षक, रोज पद्धतशीर वाचन. पण फी डोळे पांढरे करणारी, आणि येण्याजाण्यात दिवसाचा दीड तास. तिसरा, हुशार मुलांसाठीची खासगी शाळा. अभ्यासक्रम फार सुंदर, पण सगळा वाचनावर उभा. शिवाय खासगी शाळेवर आयईपी देण्याचं बंधन नसतं. तिथे मदत मिळाली तर ती शाळेच्या मर्जीने.

माझा नवरा दुसऱ्या रस्त्याच्या बाजूने होता आणि त्याचं म्हणणं हलकं नव्हतं. ‘तिथे ती एकटी नसेल,’ तो म्हणाला. ‘तिथे वाचता न येणं ही लाजेची गोष्टच नसेल.’ हे खरं आहे. ती शाळा बघून आल्यावर मलाही मोह झाला. पण तिसरीच्या गणिताच्या वर्गात आम्ही बसलो, तेव्हा तिथे जे चाललं होतं ते लेकीने दोन वर्षांपूर्वी संपवलं होतं. गणितात पुढे जाण्याची सोय काय, असं विचारलं. ‘आधी वाचन पक्कं करू, मग बघू,’ असं उत्तर मिळालं.

‘आधी हे, मग ते’ या उत्तरालाच माझा विरोध आहे. हुशारीला दोन-तीन वर्षं रजेवर पाठवून वाचन शिकवता येत नाही. ज्या विषयात मुलाला आपण कोणीतरी आहोत असं वाटतं, तो विषय काढून घेतला तर अवघड विषयासाठी लागणारी हिंमत कुठून आणायची? सरकारी शाळेतला गिफ्टेड वर्ग सुरू व्हायच्या आधी लेकीने मला विचारलं, ‘आई, त्या वर्गात जायला आधी वाचता यायला हवं का?’ माझं उत्तर होतं, ‘नाही.’ आणि हे उत्तर लेखी स्वरूपात शाळेकडून मिळवणं हे आमचं, आई-वडिलांचं काम आहे.

म्हणून माझं म्हणणं असं की शाळेच्या नावावर, पुस्तिकेवर, इमारतीवर जाऊ नका. वेळापत्रक मागा. सोमवार ते शुक्रवार, तासागणिक. मूल कुठल्या तासाला कोणाकडे असेल, आणि त्या तासाला बाकीचा वर्ग काय करत असेल? शाळा मुलाबद्दल काय मानते ते भाषणात कळत नाही, वेळापत्रकात कळतं.

आम्हाला मिळालेल्या आयईपीच्या पहिल्या मसुद्यात वाचनाचा खास तास मंगळवारी आणि गुरुवारी होता. बरोबर त्याच वेळी गिफ्टेड गणिताचा तास! कोणाचा वाईट हेतू नव्हता, शिक्षिकेला तेवढीच वेळ मोकळी होती. पण परिणाम काय? मुलीच्या नजरेत वाचनाचा तास ही शिक्षा ठरली असती. आम्ही सही न करता कागद घरी आणला आणि लेखी मागणी केली: वाचनाचा तास वर्गाच्या वाचनाच्याच वेळेत ठेवा. बाकीची मुलं तेव्हा मनातल्या मनात पुस्तक वाचतात, लेकीला त्या वेळेचा तसाही उपयोग नाही. आणि आठवड्यातून दोनदा नको, चार वेळा हवा. तीन आठवडे पत्रव्यवहार चालला, पण तास हलला. मधली सुट्टी, चित्रकला, खेळ यातलं काही कापायचं नाही हेही त्यात आलं. त्या तासांतच ही मुलं श्वास घेतात.

दुसरा प्रश्न: वाचन कोण शिकवणार आणि कसं? ‘आम्ही वाचनासाठी जादा मदत देतो’ हे उत्तर पुरेसं नाही. डिस्लेक्सियाला चालते ती पद्धतशीर शिकवणी: आवाजापासून अक्षराकडे, सोप्यापासून अवघडाकडे, एकही पायरी न गाळता, भरपूर सरावाने. सॅम्युएल ऑर्टन आणि ॲना गिलिंगहॅम यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत याच घराण्यातली, आणि विल्सन, बार्टन हे कार्यक्रमही. आपल्या आज्यांनी क, का, कि, की ज्या शिस्तीने घोकून घेतली, ती शिस्त इंग्रजीसाठी कोणीतरी बसून करून घ्यायची, असं समजा. शिक्षकाचं या पद्धतीत प्रशिक्षण झालं आहे का, हे विचारायला संकोच करू नका. असा शिक्षक आमच्या शाळेत नसता, तर मी नवऱ्याच्या बाजूने मत दिलं असतं आणि खास शाळेचा रस्ता धरला असता. सरकारी चांगलं, खासगी वाईट असा हा वाद नाही.

तिसरा प्रश्न सवलतींचा. शाळा अनेकदा आयईपीऐवजी ‘५०४ प्लॅन’ पुढे करते. १९७३ च्या पुनर्वसन कायद्यातलं हे कलम. त्यातून बहुधा मिळतात त्या सवलती: जादा वेळ, प्रश्न वाचून दाखवणं, टाइप करायची मुभा. आयईपी येतो तो आयडिया या कायद्यातून, ज्याचं मूळ १९७५ सालचं आहे. त्यात खास शिकवणं येतं. गावाकडे पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकवतात. डबा म्हणजे ५०४, आणि हातपाय कसे मारायचे ते शिकवणारा काका म्हणजे आयईपी. नुसता डबा बांधून पोराला सोडून दिलं तर ते बुडणार नाही, पण पोहायलाही शिकणार नाही. लहान वयात दोन्ही हवं. सवलती आयईपीतच लिहून घेता येतात. ऐकायची पुस्तकं हा त्यातला सर्वांत मोठा आधार. बुकशेअर, लर्निंग ॲली अशा सेवांतून ती मिळतात. लेकीचं डोकं पाचवी-सहावीच्या पुस्तकांना तयार आहे, ती पुस्तकं ती कानाने वाचते. डोळ्यांनी वाचायचा सराव वेगळ्या पुस्तकांवर चालू राहतो. विज्ञानाच्या पेपरात स्पेलिंगचे मार्क कापायचे नाहीत, हेही लिहून घ्या.

शाळा नाही म्हणाली तर? कायदा आपल्या बाजूने किती आहे हे आपल्याला माहीत नसतं. मूल नापास झालेलं नाही, वर्गामागून वर्ग पुढे जातंय, एवढ्या कारणावरून त्याला खास शिक्षण नाकारता येत नाही, असं फेडरल नियमांत स्पष्ट आहे. ‘आम्ही डिस्लेक्सिया हा शब्द वापरत नाही’ असं कोणी म्हणालं, तर २०१५ च्या फेडरल शिक्षण खात्याच्या पत्राची आठवण करून द्या. आयईपीत हा शब्द वापरायला कायद्याची कसलीही मनाई नाही, असं ते पत्र सांगतं. अपंगत्व आहे म्हणून वरच्या वर्गात प्रवेश नाकारणं किंवा ‘तो वर्ग हवा असेल तर मदत सोडा’ अशी अट घालणं चालणार नाही, हे २००७ मध्येच शाळांना कळवलं गेलं आहे. आणि २०१७ मध्ये, एंड्रू एफ. खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नाममात्र प्रगती पुरेशी नाही, त्या मुलाच्या परिस्थितीला साजेशी प्रगती व्हायला हवी. हुशार मुलासाठी ‘वर्गाच्या सरासरीइतकं’ ही साजेशी प्रगती आहे का, हे मीटिंगमध्ये विचारता येतं.

एक बाजू मात्र लंगडी आहे. वाचनाची मदत हा फेडरल हक्क आहे, गिफ्टेड शिक्षणाला तसा हक्क देणारा फेडरल कायदा नाही. ते राज्यावर आणि डिस्ट्रिक्टवर सोडलेलं आहे. म्हणूनच ओढाताण झाली की गिफ्टेड तास आधी जातो, आणि म्हणूनच तो वेळापत्रकात डोळ्यांत तेल घालून सांभाळावा लागतो.

प्रत्यक्षात करायचं काय, तर तपासणीची मागणी तोंडी करू नका. तारीख घालून लेखी करा. संमती दिल्यापासून तपासणीसाठी फेडरल नियमांत ६० दिवसांची मुदत आहे. काही राज्यांनी स्वतःची मुदत ठरवली आहे, ती बघून घ्या. रिपोर्ट मीटिंगच्या आधी मागा, नाहीतर तिथे सहा जण बोलतात आणि आपण पानं उलटत बसतो. एकूण गुणांवर थांबू नका, प्रत्येक भागाचे वेगळे गुण बघा. तपासणी पटली नाही, तर शाळेच्या खर्चाने स्वतंत्र तपासणी मागायचा हक्क आहे. मग शाळेला एकतर खर्च द्यावा लागतो किंवा आपली तपासणी योग्य होती हे सुनावणीत दाखवावं लागतं. मीटिंगमध्ये भांडायची गरज नाही. ‘हे आम्हाला लेखी मिळेल का?’ एवढं शांतपणे म्हटलं तरी बरंच काम होतं.

आपल्या लोकांत आणखी एक भीती कुजबुजत फिरते: मुलाला ‘स्पेशल एज्युकेशन’ घेतलं तर व्हिसा, ग्रीन कार्डवर परिणाम होईल. सार्वजनिक शाळेतलं शिक्षण हा सरकारी भत्ता नव्हे. ‘पब्लिक चार्ज’च्या हिशोबात ते धरलं जात नाही. या भीतीपोटी मुलाची वर्षं वाया घालवू नयेत. राहिला शिक्क्याचा प्रश्न. शिक्का तर बसतोच. कागदावर ‘डिस्लेक्सिया’ नाही लिहिलं, तर वर्गातली मुलं आणि मग मूल स्वतःच ‘ढ’ असं लिहितं. त्यापेक्षा पहिला शिक्का परवडला, कारण त्याच्यावर उपाय लिहिलेला असतो.

भारतातल्या नातेवाइकांनाही दोन शब्द. हे काही अमेरिकेतलं लाडावलेलं दुखणं नाही. दहावीच्या परीक्षेत अशा मुलांना सवलती द्यायला महाराष्ट्राने नव्वदच्या दशकातच सुरुवात केली, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात शिकण्यातल्या अशा अडचणींचा समावेश आहे. २००७ च्या ‘तारे जमीं पर’मुळे शब्द घरोघरी पोचला, पण त्याबरोबर एक समजूतही आली, की अशा प्रत्येक मुलात एक चित्रकार दडलेला असतो. नसतोही. कोणी गणितात रमतं, कोणी गाड्यांच्या इंजिनांत, कोणी गोष्टी सांगण्यात. आणि काही मुलं खास काहीच न दाखवता नुसती गोड असतात, वाचायला शिकवण्याचा हक्क त्यांनाही तेवढाच आहे.

तेव्हा व्हिडिओ कॉलवर ‘वाचून दाखव बघू बाळा’ म्हणू नका. ‘आज काय नवीन कळलं?’ असं विचारा आणि मग ऐकत बसा. ‘आमच्याकडे पाठवा, सहा महिन्यांत घोकून घेते’ हे प्रेमाने म्हटलेलं असतं, ते आम्हाला कळतं. पण शिस्त लागते ती शिकवण्याच्या पद्धतीला, मुलाला दटावून ती येत नाही.

आम्ही सध्या सरकारी शाळेत आहोत. वाचनाचा तास आणि गणिताचा तास दोन्ही जागेवर आहेत. दर तिमाहीला वाचनाच्या प्रगतीचे आकडे मागतो, आणि वर्षअखेर ते हलले नाहीत तर नवऱ्याचा प्रस्ताव पुन्हा टेबलावर येईल, असं घरात ठरलं आहे. तुमच्या घरी उत्तर वेगळं निघेल, निघू द्या. फक्त शाळा बघायला जाल तेव्हा प्रयोगशाळा आणि पोहण्याचा तलाव दाखवून झाला, की शांतपणे म्हणा, ‘आमच्या मुलाचा मंगळवार कसा असेल, ते जरा तासागणिक सांगता का?’